दोन्हीकडचा सयाजी

महिपतीसरांनी आयुष्यात विद्यार्थी साठवले. दुसरं काही साठवायला मास्तरकीत वाव नव्हता. पाव शतक नववी-दहावीला विज्ञान शिकवल्यावर त्यांचं भांडवल सोलापूरभर पसरलं होतं. महापालिकेत, वीज कंपनीत, आरटीओत, आणि बँकांत तर बहुतेक खिडक्यांना. सरांना पाहिलं की खिडकीपलीकडचा माणूस उठून उभा राहायचा आणि सरांचा कागद आपोआप वर यायचा. सर रांगेत उभे राहिलेले त्यांच्या जुळे सोलापूर भागात कुणी पाहिलेले नाहीत.

या भांडवलावरचं खरं व्याज मात्र वेगळं होतं. सरांना कुणी प्रश्न विचारत नसे. प्रश्न सर विचारतात, ही सवय शाळा सुटली तरी विद्यार्थ्याची सुटत नाही.

दहावीचा आनुवंशिकतेचा धडा ही सरांची खासियत. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मधे रेघा, असा तीन पिढ्यांचा तक्ता ते फळ्यावर हातानं काढायचे आणि वर्तुळ कंपास न लावता गोल यायचं. शेवटी खडू खाली ठेवून एक वाक्य, दरवर्षी तेच : "जवळच्या नात्यात लग्नं लावणं विज्ञानाला धरून नाही. तुमच्या घरात असं काही चाललं असेल तर उठून विरोध करायचा." मुलं माना डोलवायची. मग सर घरी यायचे आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई, म्हणजे त्यांच्याच सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी, त्यांना चहा द्यायच्या.

सरांना लगेच ढोंगी म्हणून मोकळं होऊ नये. लग्न झालं तेव्हा ते सर नव्हते, मंद्रूपच्या रंभाबाईचा थोरला मुलगा होते, आणि त्या बाजूला मामानं भाची करणं हा गुन्हा नव्हे, मामाचा मान. रंभाबाईंनी लेकीची लेक सून करून घेतली, तेव्हा "पोर घरातली घरात ऱ्हायली" म्हणून गावानं कौतुकच केलं. अडचण सोलापुरात आली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सहज विचारलं, "वहिनींचं माहेर कुठलं?" आणि सरांच्या तोंडून सहज निघालं, "अकलूजकडचं." त्या दिवसापासून दुर्गाबाईंचं माहेर अकलूजला गेलं. स्वतः दुर्गाबाई अकलूजला एकदाच जाऊन आल्या होत्या, शाळेच्या सहलीबरोबर, तेही कारखाना बघायला.

दुर्गाबाईंनी हे माहेर निमूट घेतलं, कारण त्यांच्याजवळ स्वतःचं एक कारण होतं. त्यांचं पहिलं मूल दुसऱ्या दिवशी गेलं. ते का गेलं हे कुणी शोधलं नाही, पण तेव्हाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं नातं विचारलं, ऐकलं आणि सगळ्या वॉर्डासमोर सुनावलं, "नात्यात लग्नं करता आणि मग इथं येऊन रडता." पुढं सिद्धनाथ झाला, संस्कृती झाली, दोघं धडधाकट. तरी ते वाक्य दुर्गाबाईंनी खर्ची टाकलं नाही. ते तसंच शिल्लक होतं.

संस्कृती बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले. मग दात घासताना रक्त. मग जिना चढून आल्यावर ती पलंगावर बसायची आणि म्हणायची, "आई, मी म्हातारी झाले. आता माझं लग्न लावू नका, मला वृद्धाश्रमात टाका." तपासण्या झाल्या. हाडांच्या आतला मगज रक्त तयार करतो. तिच्या मगजानं ते काम सोडून दिलं होतं. पुण्याचे एक रक्ततज्ज्ञ दर शनिवारी सोलापुरात एका खाजगी रुग्णालयात येऊन बसतात, त्यांच्याकडं जा, असं सांगण्यात आलं. सर केबिनमध्ये शिरले आणि रक्ततज्ज्ञ उठून उभे राहिले.

"सर! मी अनीश. मागच्या बाकावरचा. तुम्ही मला वर्तुळ काढायला फळ्यापाशी बोलावलं होतं आणि ते बटाट्यासारखं आलं होतं."

सरांच्या जिवात जीव आला. भांडवल इथंही होतं.

अनीशनं सगळी माहिती नीट विचारून घेतली. ताप, औषधं, कावीळ, घरात कुणाला असा आजार. मग म्हणाला, "आता एक प्रश्न सगळ्यांनाच विचारतो. आई-वडील एकमेकांच्या नात्यात..." तो मधेच थांबला आणि ओशाळून हसला. "सॉरी सर. तुम्हाला काय विचारायचं! हे मी तुमच्याकडूनच शिकलो."

सरही हसले. हसणं हे काही उत्तर नव्हे. पण विद्यार्थ्यानं ते उत्तर धरलं आणि गुरूनं पेपर परत तपासला नाही. दुर्गाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडं पाहत राहिल्या.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, सांगायला पायजे होतं का?"

"त्यानं विचारलं कुठं?"

"अर्धं विचारलं की."

"अर्ध्या प्रश्नाला गुण नसतात," सर म्हणाले.

त्यानंतर रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला एकच नातं वापरण्याची शिस्त लागली. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. सरांची बहीण बजाबाई ही मुलांची आत्या, आणि दुर्गाबाईंची आई म्हणून मुलांची आजी. ती रुग्णालयापुरती आजी ठरली. रंभाबाई दुर्गाबाईंची सासू, आणि सख्खी आज्जीही. दुर्गाबाई त्यांना जन्मापासून आज्जी म्हणत आल्या होत्या. आता नर्ससमोर "सासूबाई" म्हणायचं ठरलं. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा रंभाबाईंनी मागं वळून पाहिलं, कोण आलंय ते बघायला. मग त्यांना मंद्रूपलाच ठेवण्यात आलं. त्यांचं तोंड कुणाच्या शिस्तीत बसणारं नव्हतं.

सरांचा धाकटा भाऊ सयाजी गावी शेती करून दुधाचा टेम्पो चालवायचा. तो मुलांचा काका. आणि दुर्गाबाईंचा धाकटा मामा. दोघं एका अंगणात वाढलेले, वयानंही मागंपुढंच. त्याला काका करण्यात आलं.

"आणि मी?" संस्कृतीनं कॉटवरून विचारलं. "मी पप्पांची मुलगी आहे आणि नातही आहे. मला कुठलं नातं अलॉट केलंय?"

"तू पेशंट आहेस," सर म्हणाले. "गप पड."

रक्त कमी पडलं नाही. सरांनी नुसता शब्द टाकला आणि विद्यार्थ्यांची रीघ लागली. रक्तपेढीतला माणूसही विद्यार्थीच निघाला. सयाजीही पहाटेचं दूध घालून बाही वर करून आला. त्याला परत पाठवण्यात आलं. पुढं घरातल्याच कुणाचा मगज घ्यायचा झाला तर आधी त्या घरचं रक्त पोरीला देऊ नये, असा नियम होता.

"म्हंजे शाळेतल्या पोरांचं चालतंय आन् माजं न्हाय," सयाजी म्हणाला. "मी शाळेत असतो तर चाललं असतं."

पण रक्तानं दिवस निघतात, आजार जात नाही. मगज बदलावा लागणार होता, आणि तो कुणाचाही चालत नाही. अनीशनं सगळ्यांना बसवून समजावलं. सरांसमोर शिकवताना त्याचा आवाज जरा शाळकरी व्हायचा.

"आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. घरचा कोण, परका कोण, हे शरीर त्यावरून ठरवतं. त्या खुणा ठरवणाऱ्या जनुकांचा एक जुडगा आईकडून येतो, एक वडिलांकडून. संस्कृतीचे जे दोन जुडगे आहेत, नेमके तेच दोन ज्याच्याकडं असतील त्याचा मगज तिला उत्तम. आई-वडिलांकडं सहसा एकच सापडतो, अर्धा. सख्ख्या भावाकडं दोन्ही असण्याची शक्यता चारात एक. आधी सिद्धनाथला तपासू."

सिद्धनाथ एमआयडीसीत नोकरीला होता आणि तंबाखूचा मावा खायचा. मगज शुद्ध असावा म्हणून त्यानं त्याच दिवशी मावा सोडला. तपासणीला त्याची काही गरज नव्हती, पण त्याला कुणी हे सांगितलं नाही. घरातल्या सगळ्यांचा त्यात फायदाच होता.

"माजं घ्या की," सयाजी म्हणाला. "मी हाय की हितं."

"काका," अनीश नम्रपणे म्हणाला, "तुम्ही फक्त वडिलांच्या बाजूचे. जुळला तर एक जुडगा जुळेल. दुसरा आईकडचा, तो तुमच्याकडं कुठून येणार?"

"आईकडचा? आवो, मी तर..."

"सयाजी," सर म्हणाले, "तुझी गाडी नो-पार्किंगला आहे ना? उचलून नेतील."

सयाजी त्या दिवशी एसटीनं आला होता. तरी तो उठला आणि गाडी काढायला गेला. थोरल्या भावाचा शब्द होता. अर्ध्या तासानं तो परत आला तेव्हा अनीशनं विचारलंसुद्धा, "मिळाली का जागा?" आणि सयाजी म्हणाला, "मिळाली."

सिद्धनाथचा अहवाल आला. अर्धा. त्यानं खाली जाऊन मावा खाल्ला.

मग नोंदणीकृत दात्यांत शोध झाला. जगात दात्यांच्या मोठमोठ्या याद्या आहेत, जर्मनीत तर लाखो माणसं नाव नोंदवून बसलेली आहेत. पण या खुणा मुलखामुलखाप्रमाणं बदलतात, आणि मंद्रूपच्या पोरीचे जुडगे जर्मनीत सापडावेत अशी अपेक्षा जर्मनांनीही केली नसती. आपल्याकडच्या याद्या अजून तोकड्या. कुणी जुळलं नाही. इकडं संस्कृतीला दर चार-सहा दिवसांनी रक्त लागायला लागलं होतं आणि ताप उतरेना. तिचे विनोद छोटे झाले. आधी वाक्याएवढे असायचे, आता शब्दाएवढे.

त्या शनिवारी केबिनमध्ये सर, दुर्गाबाई, सिद्धनाथ आणि सयाजी होते. अनीश म्हणाला, "आता थांबता येणार नाही. अर्ध्या जुळणीवर करू, भावाचा मगज घेऊ. होतं तसं, मी केलेलं आहे. पण खोटं सांगत नाही सर, पूर्ण जुळणीपेक्षा धोका जास्त. नवा मगज शरीरानं नाकारणं, किंवा नव्या मगजानंच शरीरावर उठणं, दोन्ही भीती मोठ्या. शिवाय आत्ता तिच्या अंगात ताप आहे."

कुणी काही बोललं नाही. अशी शांतता डॉक्टरांना सोसत नाही. ती भरायला ते काहीतरी सांगतात.

"मागं पुण्यात माझ्याकडं एक मुलगा आला होता. कुर्द. इराकहून, सुलेमानियाचा."

"कुर्द," सर लगेच म्हणाले. भूगोल दिसला की त्यांना आधार वाटायचा. "इराकचा उत्तर भाग. हे लोक चार देशांत विभागलेले आहेत. तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया. डोंगराळ प्रदेश."

"बरोबर सर. तर त्या मुलाचेही भाऊबहीण जुळेनात. मी दुभाष्याला म्हटलं, आई-वडील नात्यातले आहेत का विचार. तो विचारायच्या आत बाप छातीवर हात ठेवून सांगायला लागला : चुलतभाऊ-बहीण! आमचे आजोबा एक! असं अभिमानानं, की जणू मी त्याचं अभिनंदन करणार आहे. मग मी सगळं खानदान तपासायला सांगितलं. एक चुलता निघाला. पूर्ण जुळणी. कारण तो चुलता मुलाच्या बापाकडूनही लागत होता आणि आईकडूनही. दोन्ही जुडगे एकाच घरात फिरत होते ना. मुलगा आता फुटबॉल खेळतो, व्हिडिओ पाठवतो." अनीशनं चष्मा पुसला. "त्यांच्यात तो रिवाजच आहे. त्याचे तोटेही आहेत, आनुवंशिक आजार जास्त निघतात, मी काही त्याची शिफारस करत नाही. पण दाता शोधताना तोच उपयोगी पडतो. तुमच्यात तसं काही नाही. नाहीतर मी काकांनाच आधी धरलं असतं."

काका भिंतीकडं पाहत होते. सिद्धनाथ बुटांकडं. सर म्हणाले, "सुलेमानियाजवळ एक धरण आहे."

"मामा, पुरे," दुर्गाबाई म्हणाल्या.

लग्नानंतर त्या सरांना चारचौघांत "अहो" म्हणत आल्या होत्या. घाबरल्या की जुनी हाक बाहेर यायची. अनीशला वाटलं, त्या सयाजीशी बोलतायत. मग वाटलं, सयाजी तर काका. त्यानं सरांकडं पाहिलं आणि सरांनी खाली.

"डॉक्टर, हे माझे मामा," दुर्गाबाई सरांकडं बोट करून म्हणाल्या. "सख्खे. माझी आई यांची थोरली बहीण. हा सयाजी, हाबी माझा मामा. माझं माहेर अकलूज न्हाय, मंद्रूपच्या शेजारचं. माझं पहिलं पोर दुसऱ्या दिवशी गेलं. आता काय बोलायचं ते बोला, लई वर्षांमागं एकानं बोललंय, मला सवय हाय. पण याला तपासा."

त्या इतकं सलग त्या केबिनमध्ये कधी बोलल्या नव्हत्या. सरांच्या विद्यार्थ्यांना त्या पोहे द्यायच्या. बोलायचं काम सरांचं. अनीशनं चष्मा चढवला, काढला, पुन्हा चढवला. दुर्गाबाई वाट पाहत होत्या.

"काकू, बोलायचं माझ्याकडं काही नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंस," सर म्हणाले. "अर्धं." आणि मग, "अर्ध्याला मी पूर्ण गुण घेतले."

"आता गाडी काडायला जायाला नगं ना?" सयाजीनं विचारलं.

त्यानंतर कामं पटापट झाली. अनीशनं आधी एक वेगळी तपासणी पाठवली. आई-वडील जवळच्या नात्यातले असतील तर हा आजार जन्मजात प्रकारचा नाही ना, हे बघावं लागतं. तसा असला तर उपचार फार हलक्या हातानं करावे लागतात. "हे कळलं असतं तर ही पहिल्या आठवड्यातच केली असती," एवढं तो म्हणाला, आणि ते सरांना वर्गाबाहेर उभं केल्यापेक्षा जास्त लागलं. अहवाल चांगला आला. आजार जन्मजात नव्हता. दुर्गाबाईंनी तो अहवाल दोनदा वाचून घेतला, एकदा अनीशकडून आणि एकदा सिद्धनाथकडून.

पुढच्या शनिवारी मंद्रूपहून खानदान आलं. बजाबाई आली, आणि रंभाबाईही आल्या. लपवायचं काही उरलं नसल्यानं त्यांचं तोंड आता उपयोगाचं होतं. अनीशनं कागद घेतला. रंभाबाईंनी सांगायचं आणि त्यानं काढायचं.

"ही बजी. हिला दिली माज्या भावाच्या पोराला."

"म्हणजे यांचे यजमानसुद्धा तुमचे भाचे?"

"मग काय परक्याला दीन व्हय? त्येची भन दिली माज्या दिराच्या पोराला. तिची पोरगी..."

अनीश चौकोन आणि वर्तुळं काढत होता. नात्यातलं लग्न असेल तिथं दोन रेघा मारायच्या असतात. रंभाबाईंनी थोडा वेळ पाहिलं.

"ह्या दोन दोन रेगा कशापायी?"

"दोन्हीकडून नातं आहे म्हणून, आजी."

"मग एका रेगेचं आमच्यात कुनी न्हाय. कशाला उगं दमतुयास."

कागद संपला. सरांनी न बोलता दुसरा कागद पुढं सरकवला, मग अनीशच्या हातातून पेन घेतलं आणि उरलेला तक्ता स्वतः काढला. वर्तुळं गोल आली. महिपती लिहिलेल्या चौकोनापासून दुर्गा लिहिलेल्या वर्तुळापर्यंत त्यांनी पहिली रेघ ओढली. दुसरी ओढायला जरा वेळ लावला, पण ओढली.

तपासणी सात जणांची झाली. सयाजीचा अहवाल पूर्ण जुळला, दोन्ही जुडगे. संस्कृतीकडं एक सरांकडून आणि एक बजाबाईच्या मार्गानं दुर्गाबाईंकडून आलेला. दोन्ही मुळात रंभाबाईंच्याच घरातले, आणि सयाजीच्या अंगात ते पहिल्या दिवसापासून हजर होते. हे तो पुढं कुणालाही विसरू देणार नव्हता.

"मी पयल्याच दिवशी म्हनलं हुतं," तो, संसर्ग नको म्हणून वेगळ्या ठेवलेल्या संस्कृतीच्या खोलीच्या काचेबाहेर उभा राहून फोनवर सांगायचा. "डॉक्टरला म्हनलं, माजं घ्या. तर गाडी काडाय पाटीवलं."

"काका, तू सुईला घाबरतोस म्हणे."

"कोन म्हनतं?"

"नर्स. म्हणाल्या, म्हशीएवढा माणूस आणि दोघी धरायला लागल्या."

"म्हशीला धराय चार लागत्यात," सयाजी म्हणाला.

प्रत्यारोपण पुण्यात झालं. सयाजीच्या कमरेच्या हाडातून मगज काढला, तो पिशवीत भरून संस्कृतीच्या शिरेतून सोडला. बघणाऱ्याला रक्त चढवल्यासारखंच दिसतं. दुर्गाबाईंची त्यामुळं थोडी निराशाच झाली. मग नुसती वाट पाहणं. पांढऱ्या पेशींचा आकडा रोज सकाळी फोनवर यायचा आणि रोज तळाला असायचा. तिला तोंड आलं, ताप चढला, केस गेले. अनीश सोडला तर सर पुण्यात कुणालाच ओळखत नव्हते. औषधाच्या दुकानापुढं ते रांगेत उभे राहायचे, नंबर आला की चिठ्ठी पुढं करायचे, आणि दुकानातला मुलगा मान वर न करता विचारायचा, "पेशंट तुमचं कोण?"

"मुलगी," सर म्हणायचे. एक-दोनदा, थकलेले असताना, ते "नात" म्हणाले. मुलानं त्याच्यातही काही फरक केला नाही.

एका सकाळी आकडा हलला. दुसऱ्या सकाळी आणखी. अनीशनं फोनवर सांगितलं, "सर, घेतलं तिनं काकांना." दुर्गाबाई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सयाजी शेजारी कंबर धरून उभा होता. त्याला वाटलं, आपल्यालाही रडायला हवं, पण दूध घालायची वेळ चुकतेय याचीच त्याला जास्त काळजी होती.

संस्कृती सोलापुरात परत आली तोवर शाळेत आनुवंशिकतेचा धडा आला होता. सरांनी तक्ता काढला, खडू खाली ठेवला, ते वाक्य म्हटलं, आणि या वर्षी पुढं आणखी एक जोडलं : "माझं स्वतःचं लग्न असंच झालेलं आहे. आता विचारा." मुलांनी वहीत तक्ता उतरवून घेतला. कुणाला विचारायची सवय नव्हती. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेला कळलं, संध्याकाळपर्यंत जुळे सोलापूरला. सरांना वाटलं होतं, पाव शतकाचं भांडवल बुडणार. दुसऱ्या दिवशी ते बिल भरायला वीज कंपनीत गेले. खिडकीपलीकडचा विद्यार्थी नेहमीसारखा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, काकू मंद्रूपकडच्या व्हय? आमची मावशी तितंच दिलीय. सांगायचं तरी. इतकी वर्षं आम्ही अकलूजचं कोण भेटलं की विचारत बसलो."

बिल नेहमीप्रमाणं लगेच भरलं गेलं.

त्या रविवारी संस्कृतीला बघायला मंद्रूपची मंडळी आली. ती तोंडाला मास्क लावून लांब खुर्चीत बसली होती, डोक्यावर बोटभर केस उगवलेले. रंभाबाईंनी पान लावत लावत सभा ताब्यात घेतली.

"तरी मी म्हनत हुते, घरातली पोर घरातच बरी. बगा, आलं का न्हाय कामाला? परकी केली असती तर कुटनं आला असता सयाजी? आता शिद्दूचं बी तसंच करू. बजीच्या पोराची प्रियंका हाय की. शिकलेली हाय. गोरी हाय."

सिद्धनाथनं मोबाइलमध्ये तोंड घातलं. सयाजी म्हणाला, "आय, डॉक्टर म्हनला हुता, हे शिफारशीचं न्हाय."

"त्यो कुर्दाचा डॉक्टर. त्येला काय कळतंय."

"मास्तर, तू सांग की," रंभाबाई सरांकडं वळल्या. सर काही म्हणणार, तोवर स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर आलं.

"न्हाय आज्जी." दुर्गाबाईंच्या हातात भाकरी होती. "एकीला सयाजीमामा मिळाला, तिच्या आधी एक गेलं. ते कशानं गेलं मला अजून ठाऊक न्हाय, आणि या घरात ते कुणीच इतकी वर्षं विचारलं न्हाय. शिद्दूच्या बायकोला मी ते उरात घेऊन झोपू देणार न्हाय. प्रियंकाला दुसरीकडं द्या."

इतकं बोलून त्या आत गेल्या. रंभाबाईंनी पान तोंडात टाकलं. सुनेनं सासूला असं तोडलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण हाक "आज्जी" अशी आली होती, आणि नातीला काय बोलायचं हे त्यांना आयत्या वेळी सुचलं नाही.

संस्कृतीनं मास्क थोडा खाली केला.

"पण आज्जी, मला एक सांग. आता माझ्या अंगातलं रक्त सगळं सयाजीकाकाचं बनणार, डॉक्टर म्हणाले. गटसुद्धा त्याचाच. मग मी त्याची पुतणी, की भाचीची मुलगी, की अजून तिसरंच कोणी?"

हा प्रश्न मात्र रंभाबाईंच्या हद्दीतला होता. त्यांनी पान एका गालात सारलं आणि बोटांची पेरं मोजायला घेतली. दोनदा चुकल्या. सर कागद-पेन घेऊन शेजारी येऊन बसले.

"महिपती, हितं किती रेगा मारशील?" रंभाबाईंनी विचारलं.

"विचार करून सांगतो," सर म्हणाले.

"आधी जेवा," दुर्गाबाई आतून म्हणाल्या. "भाकरी गार व्हायलीय."